चिदोरीबाईंच्या निरोपाचं व्यवस्थापन

२ ऑक्टोबर, संध्याकाळ

शहरातून परत. पाय दुखतात. 'लहान उद्योगांसाठी आधुनिक व्यवस्थापन' हा एक दिवसाचा सेमिनार केला. आलेले बहुतेक लॉजवाले नाहीतर लोणचीवाले. ओळख करून द्यायची माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, नृत्य. शेजारचा लोणचीवाला म्हणाला, वा, मुलींचे क्लास का? म्हटलं, मुली तशा मोठ्या आहेत. यात खोटं काहीच नाही. आमच्या थिएटरात बायका नाचतात आणि नाचता नाचता कपडे उतरवतात. परवाना वडिलांच्या काळापासूनचा, स्वच्छ. लाजण्यासारखं काही नाही. तरी व्हिजिटिंग कार्ड कोणालाच दिलं नाही. कार्डं कमी होती.

सर म्हणाले, धंदा म्हणजे माणसं. हे वाक्य आत कुठेतरी लागलं. आजपासून आसागिरी थिएटर माणसांवर चालणार.

३ ऑक्टोबर

परिस्थितीचा आढावा. (आधी आढावा, मग कृती, असं सर म्हणाले.)

गावात एके काळी अशी तीन थिएटरं होती. एक पाडून तिथे गाड्या लावतात. दुसऱ्यात जुगाराची यंत्रं खणखणतात. उरलो आम्ही. गरम झऱ्यांत डुंबायला येणारे पाहुणे हल्ली जेवून लवकर झोपतात. माझी थोरली बहीण फुसाएताई तिकिटाच्या खिडकीत बसून विणकाम करते. तिचे स्वेटर आता गावात सगळ्यांकडे आहेत.

आशा एकच, चिदोरी रान ही नर्तकी. तीस वर्षं नाचतेय, या वर्षाअखेर थांबणार. नर्तकीचे शेवटचे दहा दिवस म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा सण. देशभरातून चाहते येतात, पाय ठेवायला जागा उरत नाही. ते दहा दिवस ती कुठे नाचणार हे तिनं अजून कोणालाच सांगितलेलं नाही. राजधानीतलं एक थिएटर तिच्या मागे लागलंय म्हणे. त्यांचा रंगमंच गोल फिरतो. आमचाही फिरायचा.

ती इथे आली तर तरलो. नाही आली तर मार्चमध्ये कुलूप. ताईनं हे सरळ तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, येणारच, कारण मी सुधारणा करणार आहे. ताई म्हणाली, तू सुधारणार? म्हटलं, मी नाही, थिएटर. ती परत टाके मोजायला लागली.

११ ऑक्टोबर

आज नवी तुकडी आली. आमच्याकडे दर दहा दिवसांनी चार नर्तकी बदलतात. चार बायका, चार अजस्र बॅगा. दहा दिवस वरच्या खोलीत राहायचं आणि खाली येऊन नाचायचं. या खेपेला चिदोरीबाई आहेत. चष्मा, सुती पँट, हातात भाजलेल्या रताळ्यांची पिशवी. स्टेशनावर कोणी बघितलं तर प्राथमिक शाळेतल्या बाई वाटतील.

त्यांची बॅग मी स्वतः वर नेली. (कंबर.) जिन्यातच नव्या धोरणाची रूपरेषा सांगितली. त्या म्हणाल्या, छान छान. पण मालक, वरच्या न्हाणीघरात गरम पाणी येतंय ना आता? म्हटलं, तो विषय दीर्घकालीन योजनेत घेतलाय. त्या म्हणाल्या, अहो, गावभर जमिनीतून उकळतं पाणी येतंय आणि आम्ही गार पाण्यानं मेकअप धुतोय. आणि हसल्या. वातावरण खेळीमेळीचं. सुरुवात उत्तम.

१२ ऑक्टोबर, सकाळी दहा

पहिली स्टाफ मीटिंग. उपस्थित: मी.

तीच तारीख, दुपारी

नर्तकी दुपारपर्यंत झोपतात हे मला ठाऊक होतं, पण मीटिंगच्या संदर्भात तसा विचार केला नव्हता. दारावर जाऊन हाका मारल्या. एक जण केसांना रोलर लावलेल्या अवस्थेत खाली आली, खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या घोरायला लागली. तिच्यासमोर ध्येयधोरणं वाचून दाखवली. कोणाचाही विरोध झाला नाही.

१४ ऑक्टोबर

स्वच्छतेचा प्रश्न हाती घेतला.

प्रत्येक नाचानंतर फोटोचा कार्यक्रम असतो. बाई अंगावर काहीतरी ओढून रंगमंचाच्या कडेला बसते. चाहते रांगेनं येतात, पैसे देऊन, फोटो लगेच हातात देणाऱ्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो काढतात, चार शब्द बोलतात. बरोबर खाऊ आणतात. आज नीट पाहिलं. केळी, टॉनिकच्या बाटल्या, वाफाळत्या मासे-भाताचे डबे. एका माळ्यानं तर अख्खा कोबी दिला. हे काय धंदा करायचं लक्षण झालं? पाटी लावली: 'कलाकारांना खाद्यपदार्थ देऊ नयेत.'

ताई म्हणाली, वा, आता फक्त पिंजरे आणायचे राहिले.

१५ ऑक्टोबर

दुपारी चौघी माझ्या दारात. म्हणे, मालक, जेवायला काय आहे आज? तेव्हा कळलं की या बायका मुक्कामात चाहत्यांच्या डब्यांवरच जेवतात. ताबडतोब निर्णय घेतला. (नेतृत्व म्हणजे निर्णय.) पाकिटातल्या नूडल्सचं खोकं आणून दिलं. चिदोरीबाईंनी आधी खोक्याकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. कृतज्ञता असावी.

पाटी काढली नाही. एका दिवसात धोरण बदललं तर विश्वास उडतो. कोबी मात्र नूडल्समध्ये झकास लागला. मीही एक वाटी खाल्ली.

१७ ऑक्टोबर

रांगेचं व्यवस्थापन. लोक फोटो काढतात आणि मग बोलतच बसतात. काय बोलतात? गुडघेदुखी. सुनेची तक्रार. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी घंटी आणली आणि रांगेशेजारी उभा राहिलो. अर्धं मिनिट झालं की टिंग.

कामकाजाचा वेग वाढला. एक गृहस्थ चिदोरीबाईंना सांगत होते की गेल्या दोन खेपांना येऊ शकलो नाही, बायको आजारी होती, आणि गेल्या महिन्यात ती... टिंग. नियम सगळ्यांना सारखा. चिदोरीबाईंनी हात पुढे केला, माझ्या हातातून घंटी काढून घेतली आणि मांडीखाली ठेवून दिली. गृहस्थांना म्हणाल्या, हं, बोला तुम्ही. ते बराच वेळ बोलले. मागच्या रांगेतला एकही माणूस हलला नाही.

नवी घंटी आणावी लागणार.

२० ऑक्टोबर

तुकडी गेली. चिदोरीबाई पुढच्या महिन्यात अकरा तारखेला परत येणार. स्टेशनापर्यंत सोडायला गेलो. विषय काढलाच. म्हटलं, निरोपाचे दहा दिवस कुठे करायचं ठरलं? म्हणाल्या, पुढच्या खेपेला बघून ठरवते. मग गाडीत चढताना म्हणाल्या, मालक, एक सांगू? तोवर फार काही करू नका.

किती संकोची स्वभाव. आपल्यासाठी कोणी त्रास घेऊ नये, असं मोठ्या कलावंतांना वाटतंच. म्हटलं, छे हो, अजून तर काहीच केलेलं नाही.

४ नोव्हेंबर

थकवा. सुधारणेचा सगळा भार एकट्यावर. सेमिनारची टिपणं पुन्हा वाचली आणि हादरलो. सर म्हणाले होते, फुकट राबवून घेणं हे शोषण आहे. म्हणजे माझ्याच छताखाली इतकी वर्षं शोषण चाललंय!

कुसाकाबेकाका. निवृत्त पोस्टमन. चिदोरीबाई नाचतात तेव्हा ते बाजूच्या भिंतीला टेकून उभे असतात, हातात कागदी रिबिनींची भेंडोळी. नाच रंगात आला की ठेक्यावर फेकतात. रिबिनी अंधारातून उसळतात, बाईंच्या डोक्यावर उलगडतात आणि अंगाला लागायच्या आत काका त्या झटक्यात मागे ओढून घेतात. एका खेळात किती वेळा तरी. त्यांच्या बाजूला दोघेतिघे खंजिरी वाजवत असतात. यांतलं कोणीही छदाम घेत नाही. उलट तिकीट काढून येतात. बाई जिथे नाचतील त्या गावी गाडी पकडून जातात. अशी माणसं आमच्या धंद्यात सगळीकडे आहेत, म्हणून कोणाच्या कधी लक्षातच आलं नाही.

माझ्या आलं.

५ नोव्हेंबर

काकांना बोलावून चहा दिला आणि नेमणूक जाहीर केली. पगार, बिल्ला, कामाच्या वेळा. चारही नर्तकींना, सगळ्या खेळांना, समान रिबिनी. काका म्हणाले, मोरिओ, मला चिदोरीलाच फेकता येतं रे. म्हटलं, कर्मचाऱ्यानं भेदभाव करू नये. ते म्हणाले, पण मी कुठे कर्मचारी आहे? म्हटलं, आजपासून आहात, अभिनंदन. ते कपातल्या चहाकडे बघत राहिले. भरून आलं असणार. आयुष्यभर टपालखात्यात गेलेल्या माणसाला परत नोकरी लागणं ही लहान गोष्ट नाही. चहा तसाच राहिला.

अंधारात कोणी धडकू नये म्हणून काकांसाठी रस्त्यावरच्या कामगारांचं चकाकणारं जाकीट आणलं. सुरक्षितता आधी.

११ नोव्हेंबर

चिदोरीबाई आल्या. न्हाणीघराचं विचारलं. म्हटलं, योजना पुढे सरकतेय.

पहिला खेळ. तत्पूर्वी मी माइकवरून दोन शब्द बोललो. थिएटरचा इतिहास, नवी दिशा, सहकार्याचं आवाहन. मागून कोणीतरी ओरडलं, मालक, तुम्ही नाचणार आहात का? हशा. प्रेक्षकांशी जवळीक साधली.

मग नाच. निळा किमोनो, संथ गाणं. दिवा वळला आणि काकांच्या जाकिटावर पडला. भिंतीशी एक पोस्टमन लखलखायला लागला. सगळ्यांच्या माना तिकडे. काका बावचळले. रिबीन उशिरा सुटली, उशिरा ओढली गेली, आणि बाईंच्या खांद्यावर पडून तिथेच लोंबकळत राहिली. असं कधीच झालं नव्हतं म्हणतात. बाईंनी ती नाचतानाच हळूच काढली आणि घडी करून कडेला ठेवली. काका तिथेच खाली बसले.

खेळ संपल्यावर त्यांनी जाकीट आणि बिल्ला ताईच्या खिडकीत ठेवला आणि निघून गेले. पहिल्याच दिवशी राजीनामा! शिस्तीची सवय नसली की असं होतं.

१२ नोव्हेंबर

काका आले नाहीत. खंजिरीवाले आले, पण खंजिऱ्या मांडीवर घेऊन गप्प बसून राहिले. मी खुणावलं. त्यांनी छताकडे पाहिलं. टाळ्याही नाहीत. चिदोरीबाई पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचल्या, वाकून नमस्कार केला, आत गेल्या.

मी मागोमाग गेलो. त्या पायरीवर बसून तळपाय चोळत होत्या. म्हणाल्या, मालक, तीस वर्षांत आज पहिल्यांदा मला माझ्या पावलांचा आवाज ऐकू आला.

गेल्या महिन्यात रंगमंचाच्या फळ्या ठोकून घेतल्या त्याचा हा परिणाम. आवाज किती स्वच्छ जातोय. हे त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

१३ नोव्हेंबर

ताई आज पहिल्यांदा चिडली. विणकाम बाजूला ठेवून बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाली, ती वीस तारखेला जाईल ती परत यायची नाही, आणि मग बस तू एकटा ध्येयधोरणं वाचत.

मलाही भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही. पण सर म्हणाले होते, संकट ही संधी. काकांची जागा रिकामी आहे. तेव्हा रिबिनी मी फेकणार. मालक स्वतः भिंतीला टेकून उभा राहिलेला दिसला की खंजिरीवाले विरघळतील.

कॉरिडॉरमध्ये सराव. सोपं आहे. सगळं मनगटात आहे.

१४ नोव्हेंबर

सराव. फेकणं जमलं. ओढणं उद्या बघू. छताच्या पंख्यात गुंतलेल्या रिबिनी काढायला शिडी हवी. ताई म्हणाली, त्या बाईला डोळे दोनच आहेत, लक्षात ठेव.

१५ नोव्हेंबर

फक्त मुद्दे. निजून लिहितोय.

१. फेकलं. २. रिबीन उलगडलीच नाही, भेंडोळं तसंच्या तसं गेलं. ३. चिदोरीबाईंच्या कपाळावर. ४. ओढायला गेलो तेव्हा कमरेत कट्कन आवाज झाला. ५. मी रंगमंचावर आडवा. ६. आज मात्र टाळ्या झाल्या.

चिदोरीबाई कपाळाला हात लावून माझ्याजवळ वाकल्या. म्हणाल्या, हलू नका मालक, अजिबात हलू नका, काहीच करू नका. खंजिरीवाल्यांनी मला उचलून मागच्या खोलीत आणून टाकलं.

१६ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणतात, किमान महिनाभर अंथरुणात. म्हटलं, अशक्य, थिएटर कोण बघणार? ताई दारात उभी होती. म्हणाली, करू काहीतरी. ज्या तत्परतेनं म्हणाली ती आवडली नाही.

२० नोव्हेंबर

चिदोरीबाई निरोप घ्यायला आल्या. कपाळावर छोटी पट्टी. माफी मागायची होती. दोन दिवस वाक्यं जुळवत होतो. त्या म्हणाल्या, लहान असताना माझ्या भावानं बर्फाचा गोळा मारला होता, तो याहून जोरात लागला होता. मग उशाशी सोललेलं संत्रं ठेवून गेल्या. कुठे नाचणार ते मी विचारलं नाही. विचारवलं नाही.

२ डिसेंबर

माझी खोली आणि थिएटर यांच्यात एकच भिंत. आज पलीकडून खंजिरी ऐकू आली.

५ डिसेंबर

सकाळी ठोकाठोक. ताई सांगते, प्लंबर आला होता, वरच्या न्हाणीघरात गरम पाणी सुरू झालं. एका सकाळचं काम होतं म्हणे. म्हटलं, दीर्घकालीन योजना होती, वेळ भरली. तिनं सूप ठेवलं आणि गेली. पाटीही उतरवलेली दिसते, कारण सूप कोबीचं होतं.

९ डिसेंबर

प्रेक्षक वाढलेत. पडून राहिलं की पावलं मोजता येत नाहीत, पण जाणवतात. माझ्या सुधारणा मुरायला वेळ लागला, एवढंच. लोणच्यासारखं आहे हे. सरांना कळवलं पाहिजे.

१२ डिसेंबर

आनंदाची बातमी!

कुसाकाबेकाका भेटायला आले, बरोबर दोन खंजिरीवाले आणि ताई. सगळे स्वच्छ कपड्यांत, रांगेनं गुडघ्यांवर बसले. मला वाटलं डॉक्टरांनी माझ्याबद्दल काही सांगितलं की काय. काकांनी घसा साफ केला. चिदोरी येतेय, म्हणाले. एकवीस ते तीस डिसेंबर. निरोपाचे दहा दिवस आसागिरीत.

मी रडलो. लपवत नाही, रडलो. काकांचा हात धरला. म्हटलं, शेवटी सुधारणांचं चीज झालं. काकांनी ताईकडे पाहिलं, ताईनं चटईकडे. मग काका म्हणाले, मोरिओ, तिची एक अट आहे.

१३ डिसेंबर

अट तशी माझ्या हिताचीच आहे. ते दहा दिवस मी विश्रांती घ्यायची. इथे नाही, लांब. समुद्रकाठच्या एका सरायीत, सकाळ-संध्याकाळच्या जेवणासकट. खर्च चाहते करणार. माझ्यासाठी वर्गणी काढलीय त्यांनी! देशभरातून आली म्हणे, आणि एका दिवसात जमली. थिएटरच्या मालकासाठी प्रेक्षकांनी वर्गणी काढल्याचं आमच्या धंद्यात कधी ऐकिवात नाही.

ताईला म्हटलं, बघ, माणसं जोडलेली असली की असं होतं. ती म्हणाली, लोकरीचं घालून जा, तिकडे वारा असतो.

१८ डिसेंबर

चालता येतं. काठी लागते, पण येतं. ताईला म्हटलं, आता इतका बरा आहे तर जायची गरज काय? मागच्या ओळीत खुर्ची टाकून बसेन, तोंड उघडणार नाही. ती म्हणाली, तू?

मग म्हणाली, तिनं एवढंच मागितलंय मोरिओ. तीस वर्षांत दुसरं काही मागितलं का तिनं आपल्याकडे? मला न्हाणीघर आठवलं, पण ते मोजायचं की नाही कळेना. बॅग भरायला घेतली.

२१ डिसेंबर

सराय. समुद्र. सगळं राखाडी. मासा चांगला. मालकीणबाई विचारत होत्या, काय करता आपण? म्हटलं, व्यवस्थापन. त्या म्हणाल्या, हो का, आपल्या घरून फोन आला होता. पाहुणे तीस तारखेपर्यंत राहतील, मध्येच परत जातो म्हणाले तर गाडीची वेळ सांगू नका, असा.

२५ डिसेंबर

पाऊस. जेवण. कंबर बरी. सुधारणेचा एकही विचार सुचला नाही. मला असं कधी होत नाही.

२७ डिसेंबर

समुद्राकडे बघत बसलो. एक गोष्ट कोणाला कधी सांगितलेली नाही. चिदोरीबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. वडील होते अजून, आणि मी दिवे सांभाळायचो. पहिल्या नाचात त्या इतक्या घाबरल्या होत्या की किमोनोच्या कमरेचा ओबीचा पट्टा सुटेना. मी दिवा मंद केला. म्हणजे खरं तर माझा हात घसरला. पण त्या अंधारात त्यांनी गाठ सोडली, आणि दिवा परत आला तेव्हा त्या हसत होत्या. त्यांच्यासाठी आयुष्यात मी केलेली सगळ्यात कामाची गोष्ट ती असावी, आणि ती मी केलीच नव्हती. मला त्यांचा शेवटचा नाच बघायचा होता. बाकी काही नाही, तेवढंच हवं होतं.

३० डिसेंबर, संध्याकाळ

शेवटचा खेळ सुरू व्हायच्या वेळेला सरायीच्या काउंटरवरून थिएटरला फोन लावला. ताईनं उचलला. मागे माणसांचा नुसता कल्लोळ. ओरडून म्हणाली, बाहेर जिन्यापर्यंत लोक उभे आहेत, श्वास घ्यायला फुरसत नाही, काय हवंय? म्हटलं, काही नाही, रिसीव्हर जरा तसाच बाजूला ठेवशील का? तिनं खिडकीतल्या कोणाला तरी थांबा म्हटलं. मग म्हणाली, ठेवते. कोणाला सांगू नकोस.

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग दुरून गाणं. तेच संथ गाणं, निळ्या किमोनोचं. खंजिऱ्या सुरू झाल्या. फोनजवळ कोणीतरी नाक ओढत होतं, ताईच असावी. मग एकाएकी सगळी माणसं एकदम 'हाऽ' म्हणाली. रिबिनी उडाल्या असणार. मी डोळे मिटून घेतले आणि मला दिसलं, अगदी व्यवस्थित दिसलं. गाणं चढायला लागलं. आता शेवटचं कडवं.

नाक ओढण्याचा आवाज आत रंगमंचाकडे गेला. इतक्यात तिकिटाच्या खिडकीपाशी कोणीतरी आलं. तिकीट आहे का एखादं, म्हणाला, उभं राहायलाही चालेल. मग म्हणाला, अहो, हा फोन कोणी उघडा टाकलाय?

आणि त्या भल्या माणसानं रिसीव्हर जागेवर ठेवला.

पुन्हा लावला. पुन्हा लावला. एन्गेज. तिकिटं विचारणाऱ्यांचे फोन येत असणार. मालकीणबाई म्हणाल्या, जेवण वाढू का? म्हटलं, वाढा.